फोन आणि लॅपटॉपचा बॅकअप : खिशाला परवडेल आणि वेळेला उपयोगी पडेल असा

एका गणपतीत स्वारगेटला एसटीत चढताना मावशीचा फोन पर्समधून गेला. तक्रार झाली, सिम बंद झालं, आठवड्याने नवा फोन आला आणि मग ती मला म्हणाली, "फोटो तेवढे उतरवून दे गं. ते सगळे वर असतातच ना?" वर म्हणजे क्लाउडमध्ये, इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरवर मिळणाऱ्या जागेत. खातं उघडलं तर फोटो होते, पण जानेवारीपर्यंतचेच. फुकटची जागा जानेवारीत भरली होती. फोनने तशी सूचना पन्नासदा तरी दाखवली असेल, आणि मावशीने ती पन्नासही वेळा गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर बोटाने बाजूला सारली होती. नातवाचं बारसं मार्चमधलं. ते फोटो शेवटी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून गोळा केले, दाबून लहान झालेले, तेही निम्मेच.

त्यानंतर घरातल्या सहा फोनांची आणि तीन लॅपटॉपांची सोय लावायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आत झालं. जमलं ते स्वस्त वस्तू शोधल्यामुळे नाही. काय जपायचं आणि काय जाऊ द्यायचं हे आधी ठरवलं, म्हणून जमलं. त्यामुळे डिस्क कुठली घ्यावी हा प्रश्न थोडा लांब ठेवू. सुरुवात कागद-पेन घेऊन करायची.

आधी दोन रकाने

कागदावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला 'गेलं तरी पुन्हा मिळेल', दुसऱ्या बाजूला 'गेलं ते गेलं'.

पहिल्या रकान्यात जितकं जास्त जाईल तितका खर्च कमी. आधार, वाहन परवाना, गाडीचं आरसी हे डिजिलॉकरमध्ये आहे. फोन हरवला तरी नव्या फोनवर पुन्हा दिसतं. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावरून हवा तेव्हा काढता येतो. बँकेची स्टेटमेंटं बँकेकडे, भरलेली रिटर्न्स आयकर खात्याच्या पोर्टलवर. यूपीआय ॲपचा बॅकअप लागत नाही. तेच सिम घातलं की नव्याने नोंदणी होते. सिनेमे, गाणी, ॲप, डाउनलोड केलेली पाठ्यपुस्तकं, सगळं पुन्हा उतरतं. फक्त आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा, कारण या रकान्यातल्या बऱ्याच दरवाजांची किल्ली तोच नंबर आहे.

दुसऱ्या रकान्यात काय येतं? स्वतः काढलेले फोटो आणि व्हिडिओ. आजीने पाठवलेला व्हॉइस मेसेज. कॉन्टॅक्ट्स. अर्धवट प्रबंध. दुकानाचा टॅलीचा डेटा. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असाल तर तिचे हिशेब आणि सभेचे इतिवृत्त. जुन्या खरेदीखताचं स्कॅन. आमच्याकडे आईच्या रेसिपीच्या वहीचे ८४ पानांचे फोटो आहेत, वही आता जवळजवळ विरलीय.

आता मोजा. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडलं की फोटो किती, व्हिडिओ किती, ॲप किती हे वेगवेगळं दिसतं. लॅपटॉपवर फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. १२८ जीबीचा फोन गच्च भरलेला असतो, पण त्यातले दुसऱ्या रकान्यातले बहुधा ५०-६० जीबीच निघतात. आमच्या वडिलांच्या फोनवर व्हॉट्सॲपने २३ जीबी खाल्ले होते, त्यातलं जपण्यासारखं दीड जीबीसुद्धा नव्हतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज' असं गेलं की कुठल्या ग्रुपने किती जागा घेतली ते उतरत्या क्रमाने दिसतं. तिथे एक संध्याकाळ घालवा. हे काम रटाळ आहे, पण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

व्हिडिओचा हिशेब वेगळा ठेवा. एका फोटोला तीन ते पाच एमबी लागत असतील, तर फोरकेमधला मिनिटभराचा व्हिडिओ बऱ्याच फोनांवर तीनशे एमबीच्या पुढे जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनातला वीस मिनिटांचा नाच म्हणजे सहा-सात जीबी. मोबाइलवरच पाहायचा असेल तर कॅमेऱ्याची सेटिंग १०८० पिक्सेलवर आणा. डोळ्याला फरक कळत नाही, जागा निम्म्याहून कमी लागते.

बॅकअप वाटतं, पण नसतं

तीन गोष्टी लोक बॅकअप समजून निर्धास्त असतात.

पहिली, लॅपटॉपचा डी ड्राइव्ह. दुकानदार लॅपटॉप देताना 'सी आणि डी पाडून देतो', आणि आपण महत्त्वाचं सगळं डीवर ठेवून झोपतो. फॉरमॅट मारताना सी उडतो आणि डी राहतो, इतपत त्याचा उपयोग खरा. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. डिस्क गेली, लॅपटॉप चोरीला गेला, त्यावर चहा सांडला, तर दोन्ही एकदम जातात.

दुसरी, सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप एकसारखे ठेवणं. फोनवरचा फोटो गुगल फोटोजमध्ये दिसतो म्हणून प्रत झाली असं वाटतं. पण ॲपमधून तो उडवला की दोन्हीकडचा जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस बिनमध्ये पडून असतो, त्यानंतर कायमचा जातो. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ही मुदत ३० दिवसांची. लहान मुलाच्या हातात फोन दिला आणि चूक दोन महिन्यांनी लक्षात आली, तर सिंक काही कामाचं नाही. उलट 'फ्री अप स्पेस'चं बटण दाबलं की फोनवरचे फोटो निघून फक्त क्लाउडवरचे उरतात. म्हणजे प्रत पुन्हा एकच झाली.

तिसरी, कधी काळी केलेली कॉपी. 'आमच्याकडे हार्ड डिस्कवर सगळं आहे' म्हणणाऱ्याला विचारा, शेवटची तारीख कुठली?

छायाचित्रकारांच्या जगातून आलेला एक ठोकताळा आहे, ३-२-१: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मूळ फोन किंवा लॅपटॉप ही पहिली प्रत धरायची. म्हणजे आपल्याला आणखी दोनच करायच्या आहेत.

पैसे कुठे घालायचे

*पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड.* ने-आण करायला ठीक, जपायला नाही. हरवतात, धुण्याच्या कपड्यांत जातात, आणि मरतात तेव्हा आधी काही सांगत नाहीत. ऑनलाइन दिसणारा 'दोन टीबी पेन ड्राइव्ह फक्त ४९९' हा सरळ फसवणुकीचा माल असतो. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला दोन टीबी असल्याचं खोटं सांगितलेलं असतं. कॉपी होताना सगळं नीट दिसतं, फाइल उघडायला गेलं की कळतं.

*एक्स्टर्नल हार्ड डिस्क.* एक टीबीची (साधारण हजार जीबीची) पोर्टेबल डिस्क २०२४ मध्ये साडेचार ते सहा हजारांच्या दरम्यान मिळत होती; भाव वर-खाली होतात. एकदा खर्च, मग चार-पाच वर्षं चिंता नाही. घरगुती बॅकअपला प्रति जीबी सगळ्यात स्वस्त हीच. आत फिरती तबकडी असते, त्यामुळे चालू असताना टेबलावरून पडली तर संपलीच.

*एसएसडी.* हिच्यात फिरती तबकडी नसते, चिपवर साठवते. त्यामुळे हिला पडण्याचं भय कमी, वेग कितीतरी जास्त, किंमतही जास्त. महिन्यातून एकदा कॉपी करून कपाटात ठेवायच्या डिस्कला त्या वेगाचं काय करायचं? रोज प्रवासात व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने घ्यावी. आणखी एक, एसएसडी विजेविना वर्षानुवर्षं पडून राहिली तर आतला डेटा विरू शकतो. कपाटात ठेवायला साधी हार्ड डिस्कच बरी.

*जुन्या लॅपटॉपची डिस्क.* हा माझा आवडता पर्याय. बंद पडलेल्या लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क काढून घ्यायची आणि तीन-चारशे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये बसवायची. झाली एक्स्टर्नल डिस्क. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रामने तिची तब्येत पाहा; 'गुड'च्या जागी 'कॉशन' आलं तर नाद सोडा. आणि चांगली निघाली तरी तिच्यावर एकमेव प्रत कधी ठेवू नका, दुसरी प्रत म्हणून उत्तम.

*क्लाउड.* फुकटात गुगल १५ जीबी देतं, आयक्लाउड आणि वनड्राइव्ह प्रत्येकी ५. गुगलच्या त्या १५ मध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघे वाटेकरी आहेत. १ जून २०२१ पूर्वी थोडे दाबलेले फोटो त्यात मोजले जात नव्हते, आता जातात. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअपही २०२४ पासून यातच धरला जातो, आणि बऱ्याच जणांची जागा अचानक भरली ती तेव्हापासून. विकत घ्यायचं तर गुगलच्या १०० जीबीला वर्षाचे साधारण १३०० रुपये, आयक्लाउडच्या ५० जीबीला महिन्याचे ७५ च्या आसपास. खरी मेख पुढे आहे: गुगलचा प्लॅन कुटुंबातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येतो. जागा एकत्र, पण एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. आमच्या घरी सहा जण त्या १०० जीबीत आहेत. माणशी महिन्याला वीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यात बसावं म्हणून लांब व्हिडिओ क्लाउडवर पाठवत नाही, ते फक्त डिस्कवर.

क्लाउड घेण्यापूर्वी आपल्या इंटरनेटचा अपलोडचा वेग पाहा. ३० एमबीपीएस अपलोड देणाऱ्या फायबरवर ६० जीबी चढायला साडेचार तास लागतात, म्हणजे रात्रीत काम होतं. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर तेच काम चाळीस दिवसांचं, तेही दिवसभर दुसरं काही पाहिलं नाही तर. गावी जिथे फायबर पोचलेलं नाही तिथे क्लाउडच्या मागे लागू नका, दोन डिस्क घ्या.

घरभर चालणारा नेटवर्क स्टोरेजचा डबा हाही एक पर्याय आहे. छान असतो, पण या लेखाच्या बजेटात बसत नाही.

तर माझा सल्ला: घरी फायबर असेल तर एक टीबीची एक हार्ड डिस्क आणि वाटून घेतलेला १०० जीबीचा क्लाउड. नसेल तर एक नवी डिस्क आणि एक केसिंगमधली जुनी. विद्यार्थी असाल आणि हातात पाचशेच रुपये असतील, तर जुनी डिस्क केसिंगमध्ये घाला आणि फुकटच्या १५ जीबीत फक्त प्रबंध, कागदपत्रं आणि निवडक फोटो ठेवा. तेही काहीच नसण्यापेक्षा लाखपट बरं.

डिस्क घरी आल्यावर

एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

लॅपटॉपचं निळ्या जिभेचं यूएसबी पोर्ट वापरा. तिथे हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास घेते, जुन्या काळ्या किंवा पांढऱ्या पोर्टात तिशीच्या घरात. साठ जीबीला एकीकडे दहा-पंधरा मिनिटं, दुसरीकडे अर्धा तास. हजारो बारीक फाइल असतील तर दोन्हीकडे जास्त.

घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर डिस्क 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा. नुसतं विंडोज असेल तर 'एनटीएफएस' राहू द्या. 'फॅट३२' नको, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि तुमच्या मुलीचं अरंगेत्रम नेमकं पाच जीबीचं असतं.

कोकणात, किंवा मुंबईच्या दमट हवेत, डिस्क पावसाळ्यात उघडी ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. आमची डिस्क जुन्या चिवड्याच्या डब्यात असते, आणि पाहुणे दरवेळी फसतात.

लॅपटॉप

विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' नावाची सोय फुकट आहे, फारसं कुणी वापरत नाही. डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेल उघडून शोधात 'फाइल हिस्टरी' लिहा, डिस्क दिसली की 'टर्न ऑन' करा. नंतर डावीकडच्या 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या ते निवडा. तिथे 'फॉरेव्हर' असतं, ते बदलून जागा लागेपर्यंत ठेवण्याचा पर्याय घ्या. आता डिस्क जोडलेली असेल तेव्हा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांमधल्या बदललेल्या फाइलींच्या प्रती तासाला निघत राहतात. जुन्या प्रती तशाच राहतात हा यातला खरा फायदा. मंगळवारी प्रकरण तीन खोडून टाकलं आणि शुक्रवारी पश्चात्ताप झाला, तर त्याआधीची प्रत डिस्कवर असते.

डी ड्राइव्हवरचं मात्र त्यात आपोआप येत नाही, डाउनलोड्सचंही गृहीत धरू नका. त्यासाठी मी फ्रीफाइलसिंक वापरते. डावीकडे लॅपटॉपचं फोल्डर, उजवीकडे डिस्कवरचं, आधी 'कंपेअर', मग 'सिंक्रोनाइझ'. यात पद्धत निवडताना 'अपडेट' घ्या. 'मिरर' घेतलंत तर लॅपटॉपवर चुकून उडवलेली फाइल डिस्कवरूनही उडते. प्रोग्रामची भानगड नको असेल तर कॉपी-पेस्टही चालतं, फक्त फोल्डरला तारखेचं नाव द्या.

वनड्राइव्हकडे जरा पाहा. नव्या लॅपटॉपवर तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःकडे ओढून घेतो, पाच जीबीत ते मावत नाही आणि मग लाल फुल्या दिसू लागतात. ज्या फाइलीवर ढगाचं चिन्ह आहे ती लॅपटॉपवर नसतेच, फक्त तिचं नाव असतं. डिस्कवर कॉपी करण्याआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

दुकानदारांसाठी: टॅली प्राइममध्ये वरच्या 'डेटा' मेनूत 'बॅकअप' आहे, तोच वापरा. टॅली चालू असताना त्याचं फोल्डर तसंच उचलून कॉपी केलंत तर प्रत अर्धवट होऊ शकते.

आणि एक खास आपल्या लोकांसाठी. तुमच्याकडे श्रीलिपी, कृतीदेव किंवा आकृतीमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल असतील (दिवाळी अंक, वंशावळ, संस्थेची घटना, पत्रिका) तर फाइलबरोबर तो फॉन्टही जपा. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फॉन्ट जपून झाल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे निदान वाचता तरी येईल. सवड मिळेल तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत, बदलून घ्या. आमच्या कुलवृत्तांताच्या फाइली शाबूत होत्या, पण कुणालाच वाचता येत नव्हत्या. फॉन्ट शेवटी एका छापखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सापडला.

मॅकवाल्यांना काम कमी. डिस्क जोडा, 'टाइम मशीन'ला ती वापरायला सांगा. डिस्क मॅकच्या स्टोरेजच्या दुप्पट असावी. मात्र टाइम मशीनला दिलेल्या डिस्कवर इतर फाइल ठेवू नका.

फोन

अँड्रॉइडवर दोन वेगळ्या गोष्टी चालू कराव्या लागतात, आणि इथेच गोंधळ होतो. सेटिंग्जमधल्या 'गुगल'च्या आत 'बॅकअप' असतो. त्यात ॲपची यादी, कॉल हिस्टरी, एसएमएस, सेटिंग्ज जातात. फोटो गुगल फोटोज ॲपमधून वेगळे चालू करावे लागतात: उजवीकडे वर आपल्या चित्रावर टिचकी, आणि तिथे बॅकअप पूर्ण झाल्याचं लिहिलेलं दिसलं पाहिजे. जागा संपली असेल तर तीही तिथेच कळते. मावशीच्या बाबतीत हे एक पान कुणी पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

कॉन्टॅक्ट्स सिमवर किंवा फोनवर सेव्ह न करता खात्यात करा. खात्री करायची तर लॅपटॉपवर त्याच खात्याने गुगल कॉन्टॅक्ट्स उघडा. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे दिसले पाहिजेत.

आता डिस्कवरची प्रत. फोन केबलने लॅपटॉपला जोडा. फोन नुसता चार्ज होत असेल तर सूचनापट्टी ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. तो पर्यायच येत नसेल तर केबल बदला, काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. मग 'डीसीआयएम', 'पिक्चर्स', 'डॉक्युमेंट्स' आणि रेकॉर्डिंगचं फोल्डर डिस्कवर घ्या. व्हॉट्सॲपचं सामान 'अँड्रॉइड' या फोल्डरातल्या 'मीडिया'च्या आत सापडतं. एका वेळी दहा हजार फोटो ओढू नका, मधेच अडकतं आणि कुठपर्यंत झालं ते कळत नाही. हजार-हजाराच्या तुकड्यांनी घ्या.

लॅपटॉप नसेल तर डिस्क ओटीजीने (फोनला यूएसबीची वस्तू जोडणाऱ्या छोट्या अडॅप्टरने) थेट फोनला जोडता येते, पण फिरत्या तबकडीच्या डिस्कला लागते तेवढी वीज बरेच फोन देऊ शकत नाहीत. डिस्क टक-टक करत राहिली तर लगेच काढा. एसएसडी सहसा चालते.

व्हॉट्सॲपसाठी सेटिंग्ज, 'चॅट्स', 'चॅट बॅकअप'. आठवड्यातून एकदा पुरे, व्हिडिओ वगळा. 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू केलात तर पासवर्ड कागदावर लिहा. तो विसरला तर बॅकअप उघडून द्यायला व्हॉट्सॲपकडेही उपाय नाही. जे संभाषण खरंच मोलाचं आहे, समजा गेलेल्या माणसाचं, ते 'एक्सपोर्ट चॅट' करून वेगळं काढा. साध्या मजकुराची फाइल होते, ती कुठल्याही यंत्रावर कधीही उघडते.

आयफोनच्या पाच जीबीत पूर्ण बॅकअप क्वचितच बसतो. विकत जागा नको असेल तर मॅकवर फाइंडरमधून, विंडोजवर 'ॲपल डिव्हाइसेस' ॲपमधून लॅपटॉपवर पूर्ण बॅकअप घेता येतो. त्यात 'एन्क्रिप्ट' निवडा, म्हणजे साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याची माहितीही त्यात येते. आयक्लाउड फोटोजमध्ये 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल तर मूळ फोटो फोनवर नसतात, त्यामुळे ते या बॅकअपमध्ये येणार नाहीत, हे ध्यानात ठेवा.

किल्ल्या कागदावर

क्लाउडमध्ये सगळं सुरक्षित आहे, आणि लॉगिनचा कोड हरवलेल्या फोनवर येतोय. ही वेळ मावशीवर आली होती. त्यासाठी गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर, टू-स्टेप पडताळणीच्या आत, 'बॅकअप कोड' मिळतात: आठ अंकांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. छापून घ्या आणि रेशनकार्ड, एलआयसीच्या पॉलिसी जिथे असतात त्या फाइलीत ठेवा.

विंडोजचे बरेच नवे लॅपटॉप आपली डिस्क परस्पर कुलूपबंद करतात. दुरुस्तीनंतर निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो आणि माणूस गार पडतो. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप धडधाकट असतानाच ती शोधा आणि त्याच फाइलीत छापील प्रत ठेवा.

एक्स्टर्नल डिस्कलाही कुलूप लावावं का? बँकेचे, आजारपणाचे कागद असतील तर लावा. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होममध्ये फुकटचं व्हेराक्रिप्ट. पण डिस्कवर नुसते लग्नाचे आणि सहलीचे फोटो असतील तर मी लावत नाही. घरातल्या कुणालाही, मी नसताना, ती जोडून पाहता आली पाहिजे.

एक प्रत उंबरठ्याबाहेर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. असं पाणी घरात शिरतं तेव्हा लॅपटॉप आणि कपाटाच्या खालच्या फळीवरची डिस्क एकदमच भिजतात. क्लाउड असेल तर घराबाहेरची प्रत झालीच आहे. नसेल तर दुसरी डिस्क बहिणीकडे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा गावच्या घरी ठेवा. आमची दुसरी डिस्क मामाकडे साताऱ्याला असते. गणपतीत आणि मे महिन्यात जाणं होतं तेव्हा अदलाबदल करतो. वर्षातून दोनदाच होते, पण होते.

घरातल्या डिस्कलाही काम झालं की लॅपटॉपपासून वेगळं करा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते.

दिवस आणि परीक्षा

'महिन्यातून एकदा' असं ठरवलं की होत नाही. मी संकष्टी धरलीय. कॅलेंडरवर आधीच छापलेली असते, घरात आठवण करून देणारे असतात, आणि चंद्रोदयाची वाट पाहत बसायचंच असतं तेवढ्यात कॉपी होते. तुम्ही पगाराचा दिवस धरा, पहिला रविवार धरा. फोन किंवा लॅपटॉप दुरुस्तीला देण्याच्या आदल्या दिवशी मात्र तिथीची वाट पाहू नका. सर्व्हिस सेंटरवाले पावतीवर 'डेटाची जबाबदारी आमची नाही' असं छापूनच देतात.

तीन-चार महिन्यांनी एकदा परीक्षा घ्या. डिस्क आपल्या नव्हे तर दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपला जोडा. तीन फाइल उघडा: सगळ्यात जुना एक फोटो, मधला एखादा मोठा व्हिडिओ (तो मधे आणि शेवटीही चालवून पाहा) आणि गेल्या आठवड्यातला एक कागद. मग दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून क्लाउडमध्ये लॉगिन करा आणि शेवटच्या फोटोची तारीख पाहा. पहिल्या परीक्षेत आमचे २०१६ चे दोन फोल्डर रिकामे निघाले. कॉपी मधेच थांबली होती आणि कुणी पाहिलंच नव्हतं. मूळ फोटो जुन्या लॅपटॉपवर होते म्हणून निभावलं.

डिस्कच्या पाठीवर मार्करने खरेदीचा महिना आणि वर्ष लिहून ठेवा. पाच वर्षं झाली की, ती ठणठणीत चालत असली तरी, नवी आणून जुनीला दुसऱ्या प्रतीच्या कामाला लावा. सध्या आमच्या चिवड्याच्या डब्यातल्या डिस्कवर '८/२४' लिहिलंय.